खामबाईची मिरची घेणार कोण

मंगळवार, ३ फेब्रुवारी

नळ आला. म्हणजे पाणी नाही आलं, नुसता नळ आला. आमच्या बायकांच्या मसाला गटाच्या खोलीत मोरी आहे पण मोरीला नळ नाही, ही गोष्ट मी इतक्या साहेबांच्या कानावर घातली की त्यातले निम्मे निवृत्त झाले आणि एक वारला. आज सकाळी दोन माणसं आली, भिंत फोडली, चकचकीत नळ बसवला, त्याचा फोटो काढला आणि चालायला लागली. पाणी कधी, असं विचारलं तर म्हणाली, ते दुसऱ्या खात्याकडे.

नळ आमच्यासाठी नाहीच. पाहुण्यांसाठी आहे. पूर्वेकडे कुठलासा डोंगराळ देश आहे. नाव साहेबांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मला वेगळंच ऐकू आलं. तिथल्या बायका शेतात अफू पिकवतात. आपल्या सरकारने आणि त्यांच्या सरकारने मिळून ठरवलंय की ती अफू बंद करायची. आता परक्या देशातली अफू बंद करायची तर शहाण्या माणसाने कुठे जावं? मुलुंडला यावं. रत्नप्रभाबाईंकडून, म्हणजे माझ्याकडून, मालवणी मसाला शिकावा, परत जावं, अफूच्या जागी मिरची लावावी आणि सुखी व्हावं. असं कागदावर आहे.

ही डायरी श्रुतिकाच्या बँकेतली. श्रुतिका माझी नात, नवीनच नोकरीला लागलीय. म्हणाली, आजी, दिवसभर बडबडतेस ते यात लिहीत जा, तेवढीच आमच्या कानांना सुट्टी. लिहिते. पण वाचायला देणार नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

नंदकिशोर साहेब आले होते. त्यांच्या खात्याचं नाव एका दमात म्हणता येत नाही, त्यामुळे आम्ही नुसतं साहेबांचं खातं म्हणतो. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान. प्रत्येक गोष्टीला 'प्रक्रिया' म्हणतात. मी चहा विचारला तेव्हा म्हणाले, नको, घरी प्रक्रिया झाली. हे शेवटचं मी रचलं, पण म्हणाले असते.

आमचा आदर्श गट आहे, असं त्यांनी आम्हालाच सांगितलं. हसतमुख राहायचं. सगळ्यांनी हिरव्या साड्या नेसायच्या. आणि मागचं कपाट चादर टाकून झाकायचं. कपाटात आमच्या मसाल्याचे पुडे आहेत. मागच्या दिवाळीचे, काही त्याच्याही मागचे. शासनाची प्रदर्शनं असतात तेव्हा आमचा मसाला जातो, साहेबांच्या बायका मोटारीतून येऊन घेतात. प्रदर्शन नसलं की तो कपाटात बसतो. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. शासन हे आमचं कायमचं गिऱ्हाईक आहे, असं गिऱ्हाईक कोणाला मिळतं?

नंदा म्हणाली, "कायमचं आहे ना, मग बोलव की त्याला. कपाटाचं दार लागेना झालंय."

नंदा बोलायला लागली की असं. परभणीकडची. तिचा काळा मसाला आणि माझा मालवणी, दोन्हीवर गट चाललाय. इतकी वर्षं एका खोलीत ठसके खातोय, तरी एकमेकींचा मसाला घरी कोणी वापरत नाही.

जाताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. खोलीचा करार मार्चमध्ये संपतोय. त्या जागेवर व्यायामशाळा काढायची म्हणून कोणकोण टपून आहेत. साहेब म्हणाले, पाहुण्यांचं नीट झालं की खोलीचं मी बघतो. मी म्हटलं, नीट होईल. खोली गेली तर आम्ही बाराजणी काय जिन्यात मिरच्या भाजणार?

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आल्या. चौघी आहेत. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण पायांच्या पोटऱ्या बघाव्यात, दगडी. त्यांची म्होरकी पन्नाशीची असेल, नाव खाम. मी खामबाई म्हणते. सगळ्यात धाकटी नू. ती त्यांच्या सीमेवर कुठल्याशा ढाब्यावर होती म्हणून तिला मोडकंतोडकं हिंदी येतं. बाकी दोघी नुसत्या मान हलवतात. साहेबांनी दुभाषी आणलेला नाही. प्रक्रियेत बसला नसेल.

खामबाईकडे बघून मला पहिल्यांदा दत्तारामचा मुलगा आठवला, खोटं कशाला लिहू. आमच्या चाळीतला दत्ताराम, त्याच्या मुलाने पावडरीपायी घरातला मिक्सरसुद्धा विकला. आता जोगेश्वरीला कुठल्या तरी व्यसनमुक्तीच्या खोलीत बसून असतो आणि आईला ओळखत नाही. मनात म्हटलं, हिच्याच शेतातलं ते. आणि हिला मी मसाला शिकवू? बरं, शिकवू. निदान मिरचीने कोणी आईला विसरत नाही.

सुरुवात मी नेहमीसारखी केली. गटाचं कुठलंही काम काढलं की नारळ ठेवून मी गाऱ्हाणं घालते. आमच्या गावच्या रवळनाथाला. सासऱ्यांकडून शिकले. बायकांनी घालायचं नसतं म्हणतात. घालायला पुरुष उरलाय कोण? मी म्हटलं, "बा देवा रवळनाथा, आज ही चार लेकरां लांबसून तुझ्या दारात इली हत, तेंच्या कामाक येश दी रे म्हाराजा!" आणि आमच्या सगळ्या मागून, "व्हय म्हाराजा!" नंदा सोडून. नंदा कधीच म्हणत नाही. हात मागे बांधून उभी राहते, अगदी शांत, जशी रेशनच्या रांगेत. एकदा तोंडातून काढलं तर हिचं काय जातं ते देव जाणे, म्हणजे माझा देव.

दुसऱ्या ओळीला पाहुण्याही म्हणायला लागल्या. व्हय म्हाराजा! एका सुरात, आमच्यापेक्षा जोरात. शेवटी शेवटी तर मी नुसता आवाज चढवला तरी त्यांचं व्हय म्हाराजा तयार. सगळ्या हसलो. साहेब बघतच राहिले. म्हणाले, आजी, हे फार सुंदर आहे, हे आपण कुठेतरी वापरू.

मला बरं वाटलं. आवाज अजून आहे माझा.

शनिवार, ७ फेब्रुवारी

चौघी नुसता भात खातात, ढीगभर, वरण बाजूला ठेवून. असं जेवणाऱ्यांना मी काय शिकवणार?

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज जो प्रकार झाला तो लिहून ठेवण्यासारखा आहे.

संकेश्वरी आणि बेडगी मिरची भाजून झाली. धणे झाले, बडीशेप झाली, दगडफूल झालं. खामबाई सांगेल ते करायची, पण तोंडावर काही नाही. मिरचीच्या धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचीही नाही. मी म्हटलं ठोंबी दिसते. मग मी खसखशीची पिशवी फोडली.

मालवणी मसाल्यात खसखस लागते. आमच्यात तरी लागते. माझ्या सासूने घातली, मी घालते. परातीत ओतली तशी खामबाई उठली, आली, चिमूट उचलून तळहातावर घेतली, वास घेतला, जिभेवर ठेवली आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली. दात दिसेपर्यंत. बाकीच्या तिघींना तिने काहीतरी सांगितलं, मग चौघीही परातीभोवती बसल्या, जणू माहेरचं कोणी भेटलं. नूने सांगितलं, ये हमारा फूल का बीज है, हम लोग भी खाता है, चावल में.

मला तोपर्यंत खरंच लक्षात आलं नव्हतं. अफूच्या बोंडातलं बी म्हणजे खसखस, हे कधी ऐकलं असेल, पण वाण्याकडे पुडीत मिळते त्या वस्तूला कोण असं विचारतं?

साहेबांच्या मात्र लक्षात आलं. ते दारातूनच ओरडले की ती पिशवी आधी बाहेर काढा. फोटो काढणाऱ्याला म्हणाले, हे डिलीट कर. मी म्हटलं, अहो, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणलीय, बिल आहे. ते म्हणाले, आजी, प्रश्न बिलाचा नाही, अफू सोडवायला आलेल्या बायकांना आपण अफूचंच बी घालून मसाला शिकवतोय, हे वर कसं दिसेल? मी म्हटलं, वर कसं दिसेल माहीत नाही, चवीला बरं लागेल.

शेवटी ठरलं की पाहुण्यांना शिकवायचा मसाला बिनखसखशीचा. मी केला तसा. चव बघितली. आजारी माणसाला द्यावा असा मसाला झाला. साहेब म्हणाले, उत्तम.

मंगळवार, १० फेब्रुवारी

खामबाईने चादर उचलली. कोणाला विचारलं नाही. कपाट उघडलं, एक पुडा काढला, धूळ फुंकली, मागे अजून पुडे बघितले, दार जाईल तेवढं लावलं, चादर परत नीट टाकली. मग नूला घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. तिचं एकच विचारणं होतं. हे घेतं कोण?

मी सांगितलं, सरकार घेतं.

ती म्हणाली, घेतलेलं नाही. कपाटात आहे.

मी म्हटलं, घेईल. प्रदर्शन असतं तेव्हा घेतं. तिने विचारलं, आमच्या डोंगरात प्रदर्शन कोण भरवणार? मी सांगितलं की ते साहेबांना विचार, माझं काम शिकवायचं. ती मिरच्यांचे देठ खुडायला बसली. कुठलीही गोष्ट विकायच्या आधीच कोण घेणार म्हणून रडत बसायचं, अशाने धंदा होतो का? आमचाच बघा, गिऱ्हाईक नसतानाही किती वर्षं चाललाय.

हे लिहून परत वाचलं. राहू दे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज पाहुण्यांना मुंबई दाखवायचा दिवस. कुठे नेलं? आरे कॉलनीत. जंगलातून आलेल्या बायकांना जंगल दाखवायला. साहेब म्हणाले, त्यांना घरच्यासारखं वाटेल. उद्या मी कोणाकडे पाहुणी गेले तर मला जिना दाखवा, घरच्यासारखं वाटेल.

तिथे एका पाड्यावर उतारावर भाजीचे वाफे होते. एक म्हातारी वांग्याला पाणी घालत होती. खामबाई सरळ तिच्याकडे गेली. एकीला एकीची भाषा येत नाही, पण बघता बघता दोघी उकिडव्या बसून माती चुरायला लागल्या. पाणी कुठून येतं, माती वाहून जाते का, दगडाची ताल, म्हणजे बांध, कशी घातली, सगळं हातांनी. म्हातारीने दोन वांगी दिली.

मग खामबाईने काठीने मातीत काढून दाखवलं. नू सांगत गेली. हा डोंगर. इथे भात होतं, थोडं. ते भात पावसाच्या आधीच संपतं. मग इथून इथपर्यंत, तिने काठीने लांब रेघ ओढली, घरात तांदूळ नाही. तेव्हा फुलाचा चीक विकतात आणि तांदूळ घेतात. माणूस खेचर घेऊन दारात येतो, चीक घेतो, रोख देतो. बाकी काही पिकवलं तर घ्यायला कोणी येत नाही. बटाटा लावला होता एकदा, सरकारनेच सांगितलं होतं. कोणी आलं नाही. डुकरांना घातला.

फूल आत्ता उभं आहे. ती परत जाईल तेव्हा चिरून चीक काढायला येईल. मी विचारलं, ते पुढे कुठे जातं, माहीत आहे का? दत्तारामच्या मुलाचं सांगितलं, मिक्सरचं पण. नूने सांगेपर्यंत खामबाई माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, माझा दीर पण तसाच गेला. मिरचीला जर कोणी खेचर घेऊन आला तर मी आजच फूल सोडते.

एवढं सरळ बोलणं साहेबांच्या एकाही कागदात मी ऐकलेलं नाही. पण साहेब तेव्हा गाडीपाशी माकडांचे फोटो काढत होते.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आजचा दिवस चांगला गेला. नू आली नव्हती, तिला कालच्या भजीने पोटात कळा. बाकी तिघी होत्या. साहेबांनी कॅमेरावाला आणला होता, माणसाएवढ्या उंच दांड्यावरचा एक दिवाही. म्हणाले, आजी, त्या दिवशीचं गाऱ्हाणं तसंच घाला, नंतर मी दोन ओळी त्याच चालीत वाचतो, पाहुण्यांनी नेहमीसारखं म्हटलं की झालं. मार्चच्या आत वर पाठवायचंय.

मी घातलं. घसाही आज साफ होता. मग साहेबांनी हिंदीत कागद वाचला. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'रे महाराजा' लावत होते, अगदीच बेसूर, पण मी वर एक हात केला की तिघी बरोबर पकडायच्या. व्हय म्हाराजा! कागदात काय होतं ते मी नीट ऐकलं नाही, माझं लक्ष पदराकडे होतं, दिव्याच्या उजेडात हिरवी साडी काळी दिसते की काय म्हणून. गाव, पीक, सहमती असं काही होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, खोलीचं झालंच समजा.

नंदा म्हणाली, "कशाला व्हय म्हणाल्या त्या?"

मी म्हटलं, देवाला म्हणाल्या. ती म्हणाली, "देव कागद वाचत नव्हता, साहेब वाचत होता." हिला चांगलं काही बघवत नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

चौघींना घरी जेवायला बोलावलं होतं. बांगड्याचं तिखलं, भाकरी आणि त्यांच्यासाठी टोपभर भात. नू पण बरी होऊन आलेली. जेवण मस्त चाललेलं. पाहुण्यांना गंमत म्हणून श्रुतिकाने फोनवर कालचा व्हिडिओ लावला, साहेबांनी गटाला पाठवलेला. स्वतःला बघून तिघी हसत होत्या. नू हसली नाही. तिने मागे घेऊन परत लावायला सांगितलं. मग परत.

मग ती खामबाईला हळू आवाजात सांगत गेली. खामबाईचा हात भातातच होता. तो तिथेच राहिला.

मी श्रुतिकाला विचारलं काय आहे त्यात. तिने ऐकून मला मराठीत सांगितलं. आमच्या गावाच्या वतीने आम्ही मान्य करतो की शेतातलं उभं पीक सरकारने काढायला आमची हरकत नाही, पुढे आम्ही ते पेरणार नाही, आणि आम्हाला दुसऱ्या रोजगाराचं शिक्षण मिळालेलं आहे. प्रत्येक वाक्यानंतर त्या तिघींचं व्हय म्हाराजा. आणि कोपऱ्यात मी, हात वर करून.

नू म्हणाली, "वो लोग अभी काटेगा. हम पहुँचेगा तब तक सब कट गया होगा. गाँव बोलेगा, खाम ने हाँ बोला."

खामबाई रडली नाही. हात धुतला, ताट स्वतः घासलं आणि उंबऱ्यावर बसली. तिथून नूकडून मला विचारलं, तुझ्या देवापुढे मी कशाला हो म्हटलं?

मी म्हटलं, मला काय माहीत, मी फक्त गाऱ्हाणं घातलं. हे खरंच आहे. कागद माझा नव्हता. वाचला साहेबांनी. म्हणाल्या त्या. मी मध्ये कुठे आहे? असं मी तिला सांगितलं, मग श्रुतिकाला सांगितलं, मग भांडी लावताना परत मोठ्याने सांगितलं. तिसऱ्यांदा कोणी ऐकत नव्हतं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

साहेबांच्या ऑफिसात गेले. बसायला दिलं, चहा दिला, तो प्यायले. मी सांगितलं, त्या बायकांना कळलेलं नाही आपण कशाला हो म्हणतोय, ते व्हय म्हाराजा आमचं आहे, गाऱ्हाण्याला म्हणतात, तो आमचा रिवाज आहे, संमती नाही.

साहेब म्हणाले, आजी, व्हय म्हणजे होय ना? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग झालं. चेहऱ्यावर आनंद आहे, जबरदस्ती दिसत नाही, सामूहिक आहे. अशी संमती तर मिळतच नाही. वरच्यांना इतकी आवडली की शुक्रवारी समारोपाला ते स्वतः येणार आहेत, त्या देशाचेही एक मोठे अधिकारी येणार आहेत, आणि त्यांच्यापुढे तुम्ही ते सगळं परत करायचंय.

विचारलं, त्यांची मिरची घेणार कोण? म्हणाले, बाजार. मी म्हटलं, बाजाराचं नाव सांगा, पत्ता सांगा, खेचर घेऊन वर कोण जाणार ते सांगा. म्हणाले, तो पुढचा टप्पा आहे. पीक काढायचा टप्पा मात्र याच महिन्यात आहे. टप्पे नीट लावलेत, कापणारा आधी, घेणारा मागून.

निघताना म्हणाले, खोलीच्या कराराची फाइल माझ्याच टेबलावर आहे हं. प्रेमाने म्हणाले.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

बाकीच्या बायकांना सांगितलं. सगळ्या आधी साहेबांवर तुटून पडल्या, खोलीचं सांगितल्यावर साहेब किती चांगले आहेत ते बोलू लागल्या. त्यांना कशाला हसू, मी काल तिथे चहा पिऊन आले.

आपलंच नशीब फुटकं तिथे त्यांचं काय बघायचं, परदेशातल्या त्या, दोन दिवसांनी जातील, असं एकेक बोलत होती. मीही बोलले असते. नंदा देठ खुडत होती. मी तिला चिडून विचारलं, तू गप्प का, तुला तर नेहमी तोंड असतं.

ती म्हणाली, "रत्ना, तू मला मागे एकदा विचारलं होतंस, व्हय म्हाराजा म्हटलं तर माझं काय जातं. आमच्या आजीने गावात आयुष्यभर जे 'जी, व्हय' म्हटलं ना, ते कशाला म्हटलं हे तिला कोणी सांगितलं नाही. मी ऐकून घेते, मग हो म्हणते. एवढंच. देवाशी माझं भांडण नाही."

मी खसखस निवडायला घेतली, आमच्या मसाल्याची.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सुट्टी होती. शिवजयंतीच्या ढोलांमुळे दिवसभर कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ठरवाठरवीला बरं झालं. आमच्या बायका जमवल्या, पाहुण्या जमवल्या. सांगितलं की उद्या गाऱ्हाणं मी घालणार. सगळ्यांनी नंदासारखं उभं राहायचं. हात मागे, तोंड बंद. साहेब खुणा करतील, डोळे वटारतील, बघायचं नाही.

खोली जाईल, असं एकीने म्हटलं. मी म्हटलं, जाईल. त्यातला मसाला तरी कुठे जात होता?

शुक्रवार, २० फेब्रुवारी

हॉल भरलेला. खुर्च्यांवर पांढरे टॉवेल. मधोमध आपले वरचे साहेब, शेजारी त्या देशाचे अधिकारी, बारीक, चष्म्याचे, हातात पेन. नंदकिशोर साहेबांनी माईकवर सांगितलं की आता महिलांच्या पारंपरिक पद्धतीने गावाची संमती आपण प्रत्यक्ष बघू.

मी नारळ ठेवला. रवळनाथाला मनातल्या मनात सांगितलं, आज तुला काही मागत नाही, तू बस. आणि खुर्च्यांकडे तोंड केलं.

"बा सायबा म्हाराजा, ही खामबाई आपला फूल मोडूक तयार आसा. पण फुलाच्या जागेर लायलेली मिरची इकत कोण घेतलो, ता सांग रे म्हाराजा!"

मागे चिडीचूप.

"पावसाच्या आधी तांदूळ सरतत, तेव्हा हेंच्या चुलीर काय चढतला, ता सांग रे म्हाराजा!"

नंदकिशोर साहेब हसतमुखाने बायकांकडे बघत हात वर करत होते, मी करते तसा. एकही हलली नाही. खामबाई नंदाच्या शेजारी हात मागे बांधून उभी होती, जशी जन्मापासून तशीच उभी राहत आलीय.

"पीक कापूक माणसां धाडतास, तेंच्या आधी गिऱ्हाईक धाडशात काय, ता सांग रे म्हाराजा!"

आता खुर्च्याही गप्प. वरचे साहेब नंदकिशोर साहेबांना विचारत होते, हे लोकगीत आहे का? ते म्हणाले, हो सर, लोकगीत. त्या परदेशी अधिकाऱ्याला काही कळलं नव्हतं, पण गप्प बसलेल्या बायका कळल्या. तो उठला, खामबाईसमोर आला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. इतक्या दिवसांत तिला तिच्या भाषेत विचारणारा तो पहिला. ती बोलायला लागली. थांबेचना. तो उभ्याउभ्या लिहीत गेला, मध्ये दोनदा पेन झटकलं.

नूने मला नंतर सांगितलं, खामने कहा, हाँ नहीं बोला था, गाना बोला था. हाँ तब बोलेगा जब खरीदने वाला का नाम आएगा. त्याने त्यांच्या देशात तिथल्या तिथे फोन लावला. तिच्या गावातलं पीक उत्तर येईपर्यंत कापायचं नाही, असं बोलला म्हणे. उत्तर कधी येणार ते बोलला नाही.

आम्हाला शालबिल काही मिळाली नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

गेल्या. खामबाईची ओटी भरली. तिला काय करायचं ते माहीत नव्हतं, नारळ काखेत मारला. मी तिला बेडगीचं बी दिलं. तिने नूकडून सांगितलं, परसात लावीन, घरापुरती. शेताचं, घेणाऱ्याचं नाव आलं की बघू. मला हे पटलं. अफूचं मला अजूनही पटत नाही, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, तुझा बिनखसखशीचा मसाला मलाही पटला नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

नळाला अजून पाणी नाही, पण नोटीस आली. साहेबांच्या खात्याचं लांबलचक नाव वर, खाली नंदकिशोर साहेबांची सही. कार्यक्रमाच्या मंजूर स्वरूपात परस्पर बदल का केला, याचा लेखी खुलासा गटाने तातडीने करावा, अन्यथा खोलीचा करार पुढे चालवता येणार नाही.

बायका घाबरल्यात. एकीने म्हटलं, माफी मागू. नंदा म्हणाली, आधी ऐकून घेऊ कशाची.

श्रुतिका ऑफिसातून आल्यावर टाइप करून देणार आहे. ती फार गोड लिहिते, 'सविनय' वगैरे, म्हणून काय लिहायचं ते इथेच उतरवून ठेवते. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

आपली नोटीस मिळाली. तुमच्या प्रश्नाच्या आधी खामबाईंचा प्रश्न आलेला आहे. तो हॉलमध्ये सगळ्यांदेखत विचारला होता, तुम्ही तिथे हजर होता, ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही. रांग आहे, रांगेने चला. मिरची घेणार कोण, हे आधी नंदकिशोर साहेबांनी लिहून द्यायचं, स्वतः द्यायचं, खालच्या कारकुनाकडून नको, आणि खामबाईंना वाचता येईल अशा भाषेत द्यायचं. ते पोचल्याचं तिने कळवलं की मग आमचा खुलासा येईल. तोवर आमच्यातली एकही उत्तर देणार नाही.